आत माया किती आहे?

माझी कंबर छत्तीस आहे, असं मी २००९ सालापासून सगळ्यांना सांगत आलो आहे. दुकानदाराने विचारलं तरी छत्तीस, डॉक्टरने विचारलं तरी छत्तीस. आमच्या गल्लीच्या तोंडाशी 'अर्जंट आल्टर करून मिळेल' अशी पाटी लावून बसणाऱ्या टेलरमास्तरांनी मात्र तोंडी साक्ष मानली नाही. गळ्यातली टेप काढून माझ्याभोवती फिरवली, चष्मा कपाळावर चढवून आकडा पाहिला आणि माझ्या बायकोला सांगितलं, "साडेअडतीस."

मला सांगायला हवं होतं. कंबर माझी होती.

पँट मेहुण्याच्या लग्नात शिवलेली. कापड उत्तम, घडी मोडली असेल ती चार-पाच वेळा. आता मुलाखतीसाठी ती कपाटातून बाहेर निघाली होती. मास्तरांनी ती उलटी केली, मागची शिवण दोन बोटांत धरून चाचपली आणि मान डोलावली. शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात. "माया आहे आत," मास्तर म्हणाले. "इकडून सव्वा, तिकडून सव्वा. होईल. रेडीमेडवाले माया ठेवतच नाहीत, साहेब. कापड वाचवतात."

रात्री जेवताना लेक म्हणाली, "बाबा, तुमचा रेझ्युमे टेलर करावा लागेल."

"पँट दिलीय की," मी म्हटलं. "आता आणखी काय काय द्यायचं?"

मी अठ्ठावीस वर्षं भोसरीतल्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. स्टोअरमध्ये एक नियम असतो, फिफो. फर्स्ट इन, फर्स्ट आउट. जो माल आधी आत आला तो आधी बाहेर काढायचा, नाहीतर मागे पडून गंजतो. हा नियम मी कित्येक पोरांना ओरडून ओरडून शिकवला. पुढे कारखान्याने आपलं बिऱ्हाड परराज्यात हलवायचं ठरवलं, माणसं कमी करायची वेळ आली, तेव्हा साहेबांनीही तो पाळला. गंमत म्हणजे कायदा नेमका उलटा होता. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात कपात करताना साधारणपणे शेवटी आलेला आधी जावा असं म्हटलं होतं. पण ते कामगारांसाठी. मला २०११ साली सहाशे रुपये वाढवून 'असिस्टंट मॅनेजर, स्टोअर्स' केलं होतं आणि मी अख्ख्या शॉपला पेढे वाटले होते. ते पेढे किती महाग पडले हे कळायला बारा वर्षं गेली.

तर आता नोकरी शोधणं आलं, आणि त्याआधी बायोडाटा आला.

माझ्याकडे होता एक. १९९५ साली आकुर्डीच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये टंकून घेतलेला आणि २००४ साली डीटीपीच्या दुकानात नटवून घेतलेला. त्या दुकानदाराकडे तीन बॉर्डर होत्या: द्राक्षाचे घोस, साखळी आणि 'मॉडर्न'. मी द्राक्षं घेतली होती. वर मधोमध अधोरेखित 'बायोडाटा'. खाली दोन रकाने. डावीकडे संपूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती. उजवीकडे शिक्षण, अवगत भाषा, छंद. छंद सगळ्या महाराष्ट्राचे असतात तेच: वाचन, भ्रमण, संगीत ऐकणे. यातलं भ्रमण म्हणजे भोसरी ते चिंचवड. तळाशी, वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे सत्य आहे असं प्रतिज्ञापत्र, मग 'स्थळ', 'दिनांक' आणि सही. ही प्रतिज्ञा आपल्याकडे इतकी हाडीमाशी खिळली आहे, की ती लिहिल्याशिवाय वरचं सगळं खोटं वाटतं.

लेक हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिने तो कागद मृताचा पंचनामा करावा तसा दोन बोटांनी उचलला.

"बाबा, हल्ली हा आधी माणूस वाचत नाही. सॉफ्टवेअर वाचतं. मग एचआरवाले त्यात शब्द टाकून शोधतात. शब्द सापडला तर तुम्ही वर, नाही सापडला तर तळाशी."

"तळाशी म्हणजे डेड स्टॉक," मी म्हटलं. हे मला लगेच कळलं.

तिने तो कागद स्कॅन केला आणि सॉफ्टवेअरला कसा दिसतो ते दाखवलं. त्या यंत्राला रकाना ही चीज ठाऊक नव्हती. त्याने डावीकडून उजवीकडे सरळ नांगर धरला होता. वडिलांचं नाव: बी.कॉम., १९९२. वैवाहिक स्थिती: मराठी, हिंदी, इंग्रजी. छंद: विवाहित. द्राक्षांचं काय केलं होतं ते सांगत नाही, पण माझ्या पत्त्यात सतरा वेळा उद्गारचिन्ह आलं होतं.

बायको डोकावून म्हणाली, "छंदाचं बरोबर आहे."

मग लेकीने चाकणच्या एका गोदामाची जाहिरात उघडली. 'इन्व्हेंटरी कंट्रोल एक्झिक्युटिव्ह'. एका खिडकीत ती जाहिरात, दुसऱ्या खिडकीत मी, आणि मध्ये एक बटण. ते दाबलं की दोघं किती जुळतात त्याचा आकडा येतो. आकडा आला छत्तीस टक्के.

या छत्तीसने माझा पिच्छा पुरवला आहे. आमच्या पत्रिका जुळवल्या तेव्हा छत्तीसपैकी साडेबावीस गुण जमले होते; अठरा पुरतात म्हणून गुरुजींनी हात वर केले होते. लग्नानंतर सासूबाईंशी काही काळ छत्तीसचा आकडा होता. कंबरेचं वर सांगितलंच. आता शंभरपैकी छत्तीस. शाळेत मात्र यावर पास करायचे.

"जाहिरातीतले शब्द तुमच्या रेझ्युमेत यायला हवेत," लेक म्हणाली. "खोटं लिहायचं नाही. तुम्ही जे केलंय तेच, पण त्यांच्या शब्दांत. सांगा, स्टोअरमध्ये काय करायचात?"

"स्टोअर सांभाळायचो."

"म्हणजे काय करायचात?"

"म्हणजे सांभाळायचो."

या 'सांभाळणे'वर आमची चाळीस मिनिटं गेली. माझ्या मते या एका क्रियापदात सगळं येतं. आपण म्हातारी आई सांभाळतो, दुसऱ्याचं मूल सांभाळतो, घर, तब्येत, जीभ, सगळं सांभाळतो. त्यात हिशेब आला, राखण आली, आल्यागेल्याचं बघणं आलं आणि रात्री दोनला वॉचमनचा फोन उचलणंही आलं. लेकीने टंकलं, 'मॅनेज्ड'. मी म्हटलं, मॅनेज तर आमचा मॅनेजरही करायचा, तो कुठे काय सांभाळायचा? तिने ते खोडलं आणि पोलिसासारखे प्रश्न सुरू केले.

"किती वस्तू होत्या?"

"चार हजार दोनशे."

"अंदाजे?"

"अंदाजे कशाला? प्रत्येकीचं बिन कार्ड होतं. आलेला माल, गेलेला माल, शिल्लक, सही. सगळं माझ्या हाताने."

"वर्षअखेरीला मोजणी व्हायची तेव्हा फरक किती यायचा?"

मी विचार केला. "२०१४ साली सतरा रुपये चाळीस पैशांचा आला होता. एक ऑइल सील कमी भरलं. ते कुणी नेलं हे मला माहीत आहे."

लेक माझ्याकडे बघत राहिली. मग तिने टंकलं, इन्व्हेंटरी ॲक्युरसी ९९.९ टक्के. मी म्हटलं, उरलेला एक दशांश टक्का फार होतो, त्यात अर्धा रॅक जाईल, एकच सील होतं. ती म्हणाली, राहू द्या बाबा, जास्त लिहिलं तर खोटं वाटतं. खरं बोलायचं तर त्यातही काटछाट करावी लागते हे मला नवीन होतं.

नंतर मात्र मला चटक लागली. एका जुलैत पत्र्याचा जोड निघाला आणि रात्रभर पाणी आत येत होतं. मी आणि दोन कंत्राटी पोरांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून बेअरिंगची खोकी वरच्या मांडणीवर चढवली आणि सकाळी सातच्या शिफ्टला लाइन चालू झाली. हे झालं 'बिझनेस कंटिन्युइटी'. ट्रकवाले चलन विसरून यायचे, त्यांच्याशी वाद घालून, चहा पाजून, तरीही चलन आल्याशिवाय माल न उतरवणं हे 'व्हेंडर मॅनेजमेंट'. प्रॉडक्शनच्या सुपरवायझरला मी स्लिपशिवाय बेअरिंग दिलं नाही, त्याने माझ्या टेबलावर हात आपटला, मीही आपटला. हे 'क्रॉस-फंक्शनल कोलॅबरेशन'. मी म्हटलं, टेबलाची काच फुटली होती. लेक म्हणाली, ते लिहायचं नसतं.

"सॅप येतं?"

सॅप हे मोठ्या कंपन्यांत मालाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर. आमच्याकडे आलं होतं. शेजारच्या टेबलावर.

"म्हणजे तुम्ही नाही वापरलं?"

"तो पोरगा वापरायचा. मी आकडे सांगायचो."

तिने जरा वेळ ओठ चावला आणि लिहिलं, 'एक्स्पोजर टू सॅप'. घरात कुणाला गोवर झाला की बाकीच्यांना होतं ना, ते एक्स्पोजर. मला गोवर झालेला नव्हता, पण मी त्या खोलीत होतो, हे कुणी नाकारू शकत नाही.

मग काटछाट. जाहिरातीत 'यंग अँड डायनॅमिक' लिहिलं होतं. डायनॅमिकचं बघता येईल, यंगचं काय करणार? लेकीने 'दहावी, १९८७' मधलं १९८७ उडवलं. पदवीचं वर्ष उडवलं. पहिली तेरा वर्षं उडवली, हल्ली मागची पंधराच सांगायची असतात म्हणाली. जन्मतारीख गेली, वडील गेले, द्राक्षं गेली. पाचवारी पातळाचा फ्रॉक झाला. सगळ्यात शेवटी तिने प्रतिज्ञेकडे हात नेला तेव्हा मी तो धरला. ती राहिली पाहिजे. बाकीचं सगळं तिच्या भाषेत होतं, तेवढी एक ओळ माझ्या भाषेत होती.

बायको तोवर भांडी आवरून आली होती. "तुमचा लग्नाचा बायोडाटा याहून बरा होता," ती म्हणाली.

तो माझ्या मामाने लिहिला होता, १९९८ साली. आणि खरं सांगायचं तर बायोडाटा बेतणं म्हणजे काय हे त्या माणसाकडून शिकावं. कुठल्या स्थळाला पाठवायचा ते बघून तो कागद नव्याने लिहायचा. साताऱ्याकडच्या मुलीला 'शेती: आहे' ही पहिली ओळ. शेती होती. पाच भावांत अकरा गुंठे. पुण्याच्या मुलीला 'नामांकित कंपनीत कायम' हे वर आणि शेती गायब. मुलीचे वडील शिक्षक असतील तर 'वाचनाची आवड', पोलीस असतील तर 'निर्व्यसनी'. उंचीही बदलायची, मुलगी उंच असेल तर मी पाच फूट आठ, नाहीतर पाच सात, कारण मामाचं म्हणणं की उगाच एक इंच कशाला वाया घालवा. नोकरीच्या बायोडाटात शेवटी 'स्थळ' लिहितात, लग्नाच्या बायोडाटात अख्खा माणूसच स्थळ असतो, पण तिथे खाली प्रतिज्ञा नसते हे माझ्या बायकोने त्या रात्री पंचवीस वर्षांनी निदर्शनास आणून दिलं. त्यांच्याकडे आलेल्या कागदावर 'स्वभाव: शांत' असं लिहिलं होतं म्हणे.

लेकीला वाटलं मी या सगळ्याने खट्टू झालो. म्हणून तिने मला लिओनार्डो दा विंचीची गोष्ट सांगितली. ती नंतर मी स्वतः वाचून काढली आणि तेव्हापासून हा माणूस मला घरचा वाटायला लागला.

साधारण १४८२ची गोष्ट. लिओनार्डो तिशीचा, राहायला फ्लॉरेन्सला, आणि मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे त्याला चाकरी हवी होती. चित्रकार म्हणून नाव व्हायला लागलं होतं. पण मिलानला चित्रकार नको होता, आजूबाजूला लढाया चालू होत्या. तेव्हा या गृहस्थाने अर्ज लिहिला, क्रमांक घालून दहा मुद्द्यांचा. मला हलके, उचलून नेता येणारे पूल बांधता येतात. वेढा पडला असता खंदकाचं पाणी कसं काढावं ते येतं. तोफा येतात. झाकलेले, अभेद्य रथ येतात. असं सगळं झाल्यावर, शांततेच्या काळात इमारती आणि पाण्याचे पाट, आणि मग अगदी शेवटी, जाता जाता, शिल्प आणि चित्रही करतो म्हणून. लिओनार्डो दा विंचीने चित्रकला 'इतर माहिती'त टाकली होती! आमच्या वाचन-भ्रमणाच्या रांगेत. आणि वर, यातलं काही अशक्य वाटत असेल तर तुमच्या बागेत येऊन करून दाखवतो. म्हणजे ट्रायलही.

त्या अर्जाचा मसुदा मिलानच्या आंब्रोसियाना ग्रंथालयातल्या त्याच्या कागदपत्रांत अजून आहे, आणि तो त्याच्या स्वतःच्या अक्षरात नाही असं जाणकार मानतात. म्हणजे त्यालाही कुणीतरी बसून लिहून दिला असणार. बरंच झालं. तो उजवीकडून डावीकडे उलटं लिहायचा. स्वतः लिहिला असता तर स्फोर्झाच्या एचआरला आरसा घेऊन बसावं लागलं असतं. फ्लॉरेन्समध्ये एका मठासाठी घेतलेलं मोठं चित्र त्याने अर्धवट टाकलं होतं, त्याचा अर्जात उल्लेख नाही. माझीही टेबलाची काच नव्हती.

आणि मिलानला गेल्यावर त्याने काय केलं? 'द लास्ट सपर' तिथेच केलं, ते आहेच. पण १४९० साली राजघराण्यातल्या एका लग्नसोहळ्यानिमित्त मोठा उत्सव झाला, त्यात स्वर्गाचा देखावा उभारायचं, ग्रह-तारे फिरते ठेवायचं काम याच्याकडे होतं. तोफा येतात म्हणून लिहिलं आणि मांडव घालायला मिळाला. हे वाचल्यावर मला 'एक्स्पोजर टू सॅप'ची लाज वाटेनाशी झाली.

महिन्याभरात माझ्या सात आवृत्त्या निघाल्या. लेकीच्या लॅपटॉपवर त्यांतल्या काहींची नावं अशी होती: 'बाबा फायनल', 'बाबा फायनल खरंच', 'बाबा चाकण', 'बाबा सोसायटी', 'बाबा हात लावू नका'. मी हात लावला. वाकडच्या एका गृहसंकुलाला मॅनेजर हवा होता, त्यांना चाकणचा कागद गेला. दोन दिवसांनी तिथल्या सेक्रेटरींचा फोन. निवृत्त बँक अधिकारी असावेत, प्रत्येक वाक्यानंतर शिक्का मारल्यासारखे थांबत होते. "तुम्ही लिहिलंय की तुम्ही नॉन-मूव्हिंग आयटेम चाळीस टक्क्यांनी कमी केले. थांबा. आमच्याकडे साठ टक्के सभासद ज्येष्ठ नागरिक आहेत. तुमचा नेमका विचार काय आहे?"

एक अनुभव वेगळाच. एका तालुक्याच्या गावी एका शिक्षणसंस्थेत 'कार्यालय अधीक्षक' पाहिजे होता. पेपरातली जाहिरात होती. लेक म्हणाली, सॉफ्टवेअर नाही, माणसंच वाचणार, इथे तुमचा जुना चालेल. जाहिरात अशी: वाणिज्य पदवीधर, टॅली, एमएस-सीआयटी, इथवर ठीक, पुढे, 'कुक्कुटपालनाचा पदविका अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा. लेझीम पथकाचे नेतृत्व केले असल्यास प्राधान्य. उमेदवार संस्थेपासून दोन किलोमीटरच्या आत राहणारा असावा.' मी दोन दिवस त्या कोंबड्यांवर डोकं खाजवलं. आमच्या गावी आजीने कोंबड्या पाळल्या होत्या, ते 'एक्स्पोजर' होईल का, असंही लेकीला विचारलं. मुलाखतीला आम्ही सहा जण होतो. खुर्च्या लावायला एक उत्साही तरुण होता, अंगाने लेझीमवाला, आणि तो अध्यक्षांना 'काका' म्हणत होता. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस मी जाहिरात बघून बायोडाटा बेतत होतो. इथे बायोडाटा अंगावर चढवून जाहिरात बेतली होती, आणि कापड इतकं नेमकं कापलं होतं की माया औषधालाही ठेवली नव्हती. मुलाखती अकराला सुरू झाल्या, पेढे साडेबाराला आले. सहाही जणांना दिले, तेवढा मोकळेपणा होता. मुलाचं अभिनंदन करून मी एसटी पकडली. खरं तर राग यायला हवा होता. पण त्या मुलाची कागदपत्रं तपासताना मुलाखत घेणाऱ्यांतल्याच एका सदस्याने "पदविकेचं प्रमाणपत्र आणलंय का?" असं भाबडेपणाने विचारलं आणि त्याने घरी विसरलं म्हणून सांगितलं, तेव्हा जो सन्नाटा पसरला त्यात माझे एसटीचे पैसे वसूल झाले.

चाकणहून बोलावणं आलं ते अशा वेळी, की मी सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्यांवर वाचत होतो. मास्तरांनी पँट देऊन ठेवलीच होती. जुन्या शिवणीची रेघ पुसट दिसत होती, तिच्याबाहेर अडीच इंचांचा नवा मी.

मुलाखत घेणारा मुलगा तिशीतला. मला 'सर' म्हणावं की 'काका' हे त्याचं ठरत नव्हतं, म्हणून तो वाक्यं कर्त्याशिवाय बोलत होता. त्याच्या हातात माझा कागद होता आणि मला कुठला ते दिसत नव्हतं. पहिल्या प्रश्नाला मी फार सावध उत्तर दिलं, असं की ते चाकणलाही चालावं आणि वाकडलाही.

"सॅपचं एक्स्पोजर आहे म्हणता. मॉड्यूल?"

"एमएम." हे लेकीने पाठ करून घेतलं होतं.

"कुठले टी-कोड वापरायचात?"

पँट टिकली. उसवला तो रेझ्युमे. मी म्हटलं, "टी-कोड शेजारचा मुलगा वापरायचा. मी त्याला बिन कार्डावरून आकडे सांगायचो."

त्याने पेन खाली ठेवलं. मला वाटलं आटोपलं. पण त्याने विचारलं, "आणि जुळायचे?"

"कार्डाचे जुळायचे. सॅपचे नाही जुळायचे. मग आम्ही सॅप दुरुस्त करायचो."

तो जरा वेळ गप्प बसला आणि मग काहीतरी ठरवून उठला. "काका, जरा येता का माझ्याबरोबर?" काका ठरलं होतं. त्याने मला गोदामात एका मांडणीपाशी नेलं. त्यांच्याकडे ६२०४ नंबरचं बेअरिंग सिस्टिममध्ये एकशे चाळीस दिसत होतं आणि मांडणीवर मोजून शहाण्णव भरत होतं. तीन महिने सगळे चव्वेचाळीस बेअरिंग शोधत होते, एका कंत्राटी पोराला त्यापायी घरीही पाठवलं होतं. मी खाली वाकलो. (पँटीची मागची शिवण आठवली, पण वाकलो.) दोन मांडण्या सोडून ६२०४ झेडझेडची खोकी होती. झेडझेड म्हणजे तेच बेअरिंग, दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं असलेलं. तिथे कार्डावर जेवढी हवीत त्याहून चव्वेचाळीस जास्त होती. कुणीतरी माल उतरवून घेताना झेडझेड टंकायचा कंटाळा केला होता. यात हुशारी काहीच नाही. स्टोअरमध्ये वस्तू हरवली की आधी तिच्या चुलतभावाकडे बघायचं असतं.

"हे रेझ्युमेत कुठे लिहिलं नाही तुम्ही," मुलगा म्हणाला.

हे कुठल्या शब्दांत लिहायचं ते मला अजूनही माहीत नाही. घरी आल्यावर लेकीला मी पहिलं हेच विचारलं, ती म्हणाली, 'रूट कॉज ॲनालिसिस'. चुलतभाऊ गेला. पण मी त्या मुलाला त्या पोराला परत बोलावतोस का असं विचारलं आणि त्याने फोन लावला, ते कुठल्या शब्दात बसवायचं यावर आम्ही दोघंही अडलो आणि तसंच सोडून दिलं.

आठ दिवसांनी नोकरी लागली. पगार पहिल्यापेक्षा कमी, पदाचं नाव पहिल्यापेक्षा लांब: 'इन्व्हेंटरी कंट्रोल स्पेशालिस्ट'. कार्डावर ते दोन ओळींत छापावं लागलं. मास्तरांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, "आता यापुढे जाड होऊ नका, साहेब. होती नव्हती ती माया सगळी सोडली."

रुजू झालो तो आश्विनच सुरू होता. पहिल्या आठवड्यात मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. मी वही-पेन घेऊन गेलो. मला वाटलं, आता मोजणीची आखणी करायला सांगणार. तो म्हणाला, "काका, खंडेनवमी जवळ आली. इथे सगळी पोरं. फोर्कलिफ्टची पूजा कशी करतात ते कुणालाच नीट येत नाही. डेकोरेशनचं आणि पूजेचं तुम्ही बघाल का?"

मला एकदम मिलानची आठवण झाली.

चार फोर्कलिफ्ट, दोन वजनकाटे, एक पॅकिंग मशीन. झेंडू पहाटे मार्केट यार्डातून आणला, आंब्याची पानं गेटबाहेरून. तोरणं आम्ही मांडण्यांच्या मधल्या वाटेत बसून केली. घरून परत बोलावलेला तो पोरगा सुई ओवायला सगळ्यात पटाईत निघाला. संध्याकाळी हाताला झेंडूचा वास घेऊन घरी आलो. लेकीने विचारलं, आज काय केलंत ऑफिसात? मी सांगितलं. तिने लॅपटॉप ओढला आणि नवी फाइल उघडली.

"इव्हेंट मॅनेजमेंट," ती टंकत म्हणाली. "आकडा सांगा."

"अकरा किलो झेंडू. चाळीस फुटांची सात तोरणं. बजेट साडेतीन हजार, खर्च तीन हजार एकशे वीस."

"वेस्टेज?"

"शून्य," मी म्हटलं. "उरलेलं आपल्या लिफ्टला लावलंय. येताना बघितलं नाहीस?"